न सुटणारा उपास

माझी भाची जन्मली तेव्हा रडलीच नाही. बेळगावच्या दवाखान्यात नर्सनं तिला दुपट्यात गुंडाळून वहिनीच्या कुशीत ठेवलं, तेव्हा तिचे हातपाय ओल्या फडक्यासारखे जिथं पडले तिथंच राहिले. दूध ओढायचीही ताकद तिच्यात नव्हती. नाकातून नळी घालून तिला दूध दिलं गेलं. जवळजवळ महिन्यानं आम्ही तिला निपाणीला घरी आणलं, तेव्हा वहिनीच्या पिशवीत ड्रॉपर, उकळलेल्या पाण्याची बाटली आणि डॉक्टरांनी लिहिलेली एकच ओळ होती: मूल अशक्त आहे, वाट पाहा.

घरात आम्ही चौघं होतो. आई, माझा थोरला भाऊ म्हणजे अण्णा, वहिनी आणि मी. मी लग्न केलं नाही. गावातल्याच एका पीयू कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. खाली अण्णाचं किराणा-भुसाराचं दुकान आणि वर आमचं बिऱ्हाड. आम्ही जैन. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची, हा नियम मला कळतं तेव्हापासून घरात कधी मोडला नव्हता. आई तर पर्युषण पर्वाचे दहाही दिवस नुसत्या पाण्यावर काढायची. गावात तिला त्याबद्दल मान होता. पारण्याच्या दिवशी आमच्या जिन्यावर चपला मावायच्या नाहीत.

वहिनी दर दोन तासांनी पोरीला मांडीवर घेऊन ड्रॉपरनं एकेक थेंब सोडायची. निम्मं दूध गालावरून ओघळायचं. आई दाराशी उभी राहून बघायची आणि म्हणायची, "ग्रहणात भाईर जाऊ नको म्हटलं होतं. ऐकलं न्हाईस."

वहिनी गाल पुसून पुढचा थेंब सोडायची.

"तुझ्या माहेरात कुणाचं झालतं काय गं असं? आमच्यात तर न्हाय बाई कुणाचं."

ग्रहणाचा ह्याच्याशी काही संबंध नाही, एवढं मला नक्की माहीत होतं. मी ते एकदोनदा म्हटलंही. पण मग कशाशी संबंध आहे, असं आईनं विचारलं की माझ्याकडे उत्तर नसायचं. आई जिंकल्यासारखी आत निघून जायची आणि मी वह्या तपासायला बसायचे. वहिनीसाठी मी तेव्हा एवढंच केलं.

पोरगी उशिरा मान सावरायला लागली, उशिरा बसली, चालायला तर तिसरं वर्ष उजाडलं. आणि त्याच सुमारास ती खायला लागली. आईनं एक दिवस गूळ-तूप लावून चपातीचा तुकडा तिच्या तोंडात घातला. तिनं तो खाल्ला आणि पुन्हा तोंड उघडलं. आई खिडकीतून खाली दुकानात ओरडली, "अरं, अख्खी चपाती खाल्ली रं पोरीनं!" अण्णा गिऱ्हाईक सोडून वर आला. त्या संध्याकाळी आम्ही शेजारीपाजारी पेढे वाटले. वहिनीला इतकं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं.

ती भूक पुढं थांबलीच नाही. चार चपात्या झाल्या तरी ती ताटाकडे बघत बसायची. जेवण झाल्यावर अर्ध्या तासानं आमटीचं भांडं चाटताना सापडायची. दुकानात तर शेंगदाण्याचं पोतं, गुळाच्या ढेपा, खोबऱ्याच्या वाट्या, सगळं हाताशी. एकदा दुपारभर ती दिसली नाही. शोधून शोधून थकलो, तेव्हा गोदामात पोत्यांमागं सापडली. हातात गुळाचा खडा, अंगावर मुंग्या, आणि मुंग्या चावतात ह्याचं तिला काही नव्हतं. दुसऱ्यांदा तिनं शेजारच्या म्हशीपुढची भिजवलेली पेंड खाल्ली. त्या दिवशी अण्णानं तिला मारलं, आणि मारून झाल्यावर स्वतःच गोदामात जाऊन बसला.

अंगानं ती फुगत गेली आणि उंची मात्र वाढेना. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, लाड कमी करा. शाळेतून निरोप यायचा की ती दुसऱ्यांचे डबे खाते. आई म्हणायची, "जिभेवर ताबा न्हाय. आईनंच शिकवाय पायजे." वहिनी आता पोरीच्या वाटणीची चपाती मोजून वाढायची आणि स्वतः स्वयंपाकघरात उभ्यानंच जेवायची, पोरीला दिसू नये म्हणून.

ती आठ वर्षांची असताना पर्वात एक गोष्ट घडली. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, पूजा चालली होती. तांदूळ, बदाम, खोबऱ्याचे तुकडे एकेक करून भगवंतापुढं वाहिले जात होते. एकदा वाहिलेलं द्रव्य आमच्यात कुणी खात नाही. ते निर्माल्य. त्याला तोंड लावणं हे मोठं पाप, हे आमच्यातल्या लहानातल्या लहान पोरालाही माहीत असतं. वहिनीनं पोरीचा हात धरला होता, पण आरतीला दोन्ही हात जोडले तेवढ्यात ती सटकली. एका बाईच्या किंचाळण्यानं सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. खांबाआड ठेवलेल्या निर्माल्याच्या परातीपाशी माझी भाची बसली होती. दोन्ही गाल भरलेले, दोन्ही मुठी भरलेल्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती रडत होती आणि खात होती.

आईच्या उपासाचा तो आठवा दिवस होता. ती भिंतीला धरून चालत पुढं आली. परातीकडे बघितलं, मग वहिनीकडे. सगळ्या बस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघ. तुझ्या पोटचं."

आम्ही घरी परतलो. दुपारी मी पोरीला माझ्या खोलीत घेतलं. मी रागावणार होते. "ते द्येवाचं असतंय, ठाऊक न्हाय व्हय तुला?" असं विचारलंही.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. मग खाली बघत: "आत्या, मला थांबताच येत न्हाय."

मी वीस वर्षं पोरांना शिकवत होते. खोटं बोलणारं पोर मला लगेच ओळखू येतं. ही खरं बोलत होती. थांबायची जी काही सोय आपल्या सगळ्यांच्या आत असते, ती हिच्यात नव्हतीच. त्याच आठवड्यात मी आणि वहिनी तिला बेळगावला एका बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. त्यांनी भुकेबद्दल विचारलंच नाही. पोरीचे हात आपल्या तळव्यावर ठेवून ते बघत राहिले. आठ वर्षांच्या मानानं तिचे हात फारच लहान होते, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं. मग त्यांनी वहिनीला विचारलं, "जन्मल्यावर ही दूध ओढत होती का हो?"

वहिनी म्हणाली, "न्हाय." आणि तिला रडू कोसळलं. कारण आठ वर्षांत हा प्रश्न कुणी दोष देण्यासाठी नव्हे तर उत्तर हवं म्हणून पहिल्यांदा विचारला होता.

रक्त तपासायला बेंगळुरूला गेलं. मग आईवडिलांचंही रक्त मागवलं. शेवटी अण्णा, वहिनी आणि मी, आम्हाला तिघांना तिकडे बोलावणं आलं. तिथल्या डॉक्टर बाई कन्नडमध्ये समजावत होत्या. वहिनीचं शिक्षण कन्नड शाळेत झालेलं, तिला सगळं कळत होतं. तरी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "वन्सं, तुम्ही मराठीत सांगा." मी वाक्यामागून वाक्य मराठीत करत गेले.

आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात. त्यांतल्या पंधराव्या गुणसूत्रावरचा एक तुकडा हिच्यात नाही. अशा बहुतेक मुलांचा मोठा भाग गेलेला असतो, हिचा अगदी बारीक गेलाय. त्या तुकड्यातून कुठलंही प्रथिन बनत नाही. तिथून फक्त छोटे छोटे आरएनए तयार होतात. मेंदूतल्या पेशींमध्ये ते नेमकं काय करतात, हे अजून कुणालाच पुरतं कळलेलं नाही. पण ते नसले की मेंदूच्या तळाशी भूक, झोप आणि वाढ सांभाळणारा जो भाग असतो, त्याचं काम बिघडतं. जन्मतः ही मुलं मऊ पडतात, आणि पुढं पोट भरल्याचं त्यांना कधीच कळत नाही.

इथं माझी जीभ अडखळली. दर वर्षी मी फळ्यावर तीन शब्द लिहून त्यांच्यामध्ये बाण काढायचे. डीएनए, त्यावरून आरएनए, त्यावरून प्रथिन. दर वर्षी कुणीतरी हुशार मुलगी विचारायची की ज्या भागातून प्रथिन बनतच नाही, तो कशाला असतो? मी म्हणायचे, "ते सोडा. तो नुसता फालतू मजकूर आहे, पेपराला येत नाही." मी हे इतक्या सहज म्हणायचे. आणि आता त्याच मजकुरातल्या एका बारीक ओळीवाचून माझी भाची म्हशीची पेंड खात होती.

डॉक्टर बाई पुढं बोलत होत्या. तोच तुकडा अण्णाच्याही रक्तात एका जागी नव्हता.

"माझ्यात?" अण्णा म्हणाला. "मग मला कसं काय झालं न्हाय?"

त्यांनी कागदावर दोन रेघा काढल्या. प्रत्येकाकडे ह्या भागाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. ह्या विशिष्ट जागी आईकडची प्रत सगळ्याच माणसांत मुकी असते. काम करते ती वडिलांकडची. अण्णाच्या ज्या प्रतीत तुकडा नाही ती त्याच्या आईकडची. ती तशीही मुकीच, म्हणून त्याचं काही बिघडलं नाही. पण तीच प्रत त्याच्याकडून मुलीला गेली, तेव्हा ती तिची वडिलांकडची प्रत झाली. जिनं काम करायचं तीच अपुरी निघाली.

"यार तप्पू अल्ल," बाई म्हणाल्या. कुणाचीच चूक नाही.

वहिनी म्हणाली, "परत एकदा सांगा म्हणा त्यांना."

मी सांगितलं. डॉक्टर बाईंनी पुन्हा तेच म्हटलं, ह्या वेळी थेट वहिनीकडे बघून, सावकाश. वहिनीनं तिसऱ्यांदा विचारलं. त्यांनी तिसऱ्यांदाही सांगितलं, आणि टेबलावरून हात पुढं करून वहिनीचा हात धरला. अण्णा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

परतीच्या प्रवासात बेळगाव सोडून गाडी काकतीच्या पुढं आली, तेव्हा वहिनी हळू आवाजात म्हणाली, "वन्सं, आईंना ह्यातलं काय बी सांगू नका."

"का? आठ वर्षं तिनं तुला..."

"म्हणूनच. तसलं ऐकून घ्याय कसं लागतंय ते मला ठाऊक हाय. ह्या वयात त्यांना कशाला?"

आम्ही आईला एवढंच सांगितलं की आजार आहे, औषध नाही, पण नियम पाळले तर पोरगी जगेल. वाढीसाठी इंजेक्शनं सुरू झाली. स्वयंपाकघराला दार बसवून कुलूप लावलं. भिंतीवर मोठं घड्याळ आलं आणि त्याखाली जेवायच्या वेळा लिहिलेला पुठ्ठा. डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं की जेवण कधी आणि किती हे ठरलेलं असलं, आणि मधे काहीच मिळणार नाही हे पक्कं असलं, की ह्या मुलांचा जीव थोडा शांत राहतो. ते खरं निघालं. अण्णानं त्याच दिवाळीनंतर किराणा बंद केला. बापाच्या वेळचं दुकान होतं. आता तिथं शेतीचे पाईप आणि पाण्याच्या मोटारी मिळतात. बाजारात लोकांनी कारण विचारलं तर तो म्हणायचा, "ह्या धंद्यात मन लागंना."

आईचं बोलणं मात्र चालूच राहिलं. पुढच्या पर्वात पाहुण्या बायका आईला भेटायला आल्या होत्या. कुलूप बघून एकीनं विचारलं. आई म्हणाली, "काय करायचं, हिच्या माहेरचं बियाणं हाय ते. आमच्या घराण्यात न्हाय असलं."

वहिनी त्यांच्यासाठी पाणी घेऊन येत होती. तिच्या हातातलं तबक जरासुद्धा हललं नाही. ते न हलणंच मला सहन झालं नाही. बायका गेल्यावर मी आईसमोर बसले आणि सगळं सांगितलं. कागदावर तशाच दोन रेघा काढल्या. आईचं शिक्षण सातवीपर्यंत, पण तिला एका वेळेत कळलं.

"म्हंजे माझ्यात होतं."

"व्हय. माझ्यात बी असंल."

"आणि मला काय झालं न्हाय. माझ्या पोराला बी काय झालं न्हाय."

"न्हाय."

"सगळं तिच्यावर येऊन पडलं."

मी मान हलवली. आईनं कागद हातात घेतला. "आणि सुनेला ठाऊक होतं?"

"वर्षभर ठाऊक हाय. तिनंच सांगू नको म्हटलं."

आईनं कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. उपासाचा सहावा दिवस होता, ओठ कोरडे पडले होते. "मी दहा दिवस उपाशी ऱ्हाते," ती म्हणाली, "अकराव्या दिवशी माझा उपास सुटतोय. लोक पाया पडत्यात. ह्या पोरीचा उपास सुटतच न्हाय बाई."

आईनं वहिनीची माफी मागितली नाही. आमच्या घरात सासू सुनेची माफी मागत नाही, आणि मागितली असती तर वहिनीच कानकोंडी झाली असती. पण त्या वर्षी पारण्याला तिनं कुणालाही बोलावलं नाही. पोरीच्या जेवणाच्या वेळी तिच्यासोबत बसून तिनं मुगाचं पाणी घेतलं. आणि वहिनी नेहमीसारखी ओट्याशी उभी राहिली, तेव्हा तिला म्हणाली, "बस खाली. मी वाढते."

माझ्यावर वहिनी चिडली. तिनं पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. "तुम्ही तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून सांगितलंत," एवढंच एकदा म्हणाली. त्यात किती तथ्य होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यानंतर आईनं दहा दिवसांचा उपास पुन्हा धरला नाही. कुणी विचारलं तर तब्येतीचं कारण सांगायची. ती चार वर्षं जगली आणि ती चारही वर्षं पोरीच्या वेळेला पोरीएवढंच जेवली. मी माझं रक्त तपासून घेतलं नाही. माझ्या पुढं कुणी नाही, त्यामुळं गरज नव्हती. वर्गात मात्र मी आता ते तीन शब्द लिहिल्यावर बाजूला थोडी जागा मोकळी सोडते. कुणी विचारलं, तर तास संपेपर्यंत त्याच जागेबद्दल बोलते. पेपराला ते अजूनही येत नाही.

भाची आता सतरा वर्षांची आहे. आठवड्यातले पाच दिवस विशेष मुलांच्या शाळेत जाते. चित्रांचे तुकडे जुळवण्यात तिचा हात कुणी धरत नाही. राग आला की दंडाची कातडी नखांनी खरवडते. तिथं जखमांचे डाग आहेत. बरी होणार का, हे आम्ही आता कुणाला विचारत नाही.

ह्या मे महिन्यात कोगनोळीच्या अलीकडं वहिनीच्या माहेरी तिच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. पोरीला पंगतीत नेणं शक्य नव्हतं, म्हणून वहिनी कित्येक वर्षांत कुठल्याच लग्नाला गेली नव्हती. मी म्हटलं, "ह्या वेळी तू आणि अण्णा जावा. दिवसभर मी बघते." ती नको नको म्हणत असताना मी तिचा शालू काढून पलंगावर ठेवला.

ते दोघं गेल्यावर अकराच्या सुमाराला पोरीच्या लक्षात आलं की आई दिवसभर येणार नाही. वेळापत्रक मोडलं होतं. ती जमिनीवर बसून ओरडायला लागली, दंड खरवडायला लागली. मी तिचे दोन्ही हात माझ्या हातात धरून शेजारी बसून राहिले. काही समजावलं नाही. समजावण्यानं ते वाढतं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. पाऊण तासानं ती दमली आणि माझ्या खांद्याला टेकून झोपली. दुपारी उठल्यावर आम्ही एका समुद्राच्या चित्राचे तुकडे पसरले. सगळीकडे निळंच निळं, मला एकही तुकडा ओळखू येईना. ती न बोलता एकेक उचलून लावत गेली.

सहाच्या आत वहिनी परतली. चेहरा उन्हानं तापलेला, केसांत अबोलीचा गजरा, आणि मी आधी कधी न पाहिलेली एक वेगळीच चाल. पोरीनं चित्रावरून मान वर केली आणि तिच्याकडे बघत राहिली.

"आई, लई छान दिसतीस."

वहिनी दारातच थबकली. मग चपला काढून तशीच शालूत जमिनीवर बसली.

"सांग की, काय काय झालं?" पोरीनं विचारलं.

वहिनीनं सांगायला सुरुवात केली. नवरीची साडी कुठल्या रंगाची होती, बँडवाला कसा बेसूर वाजवत होता, पाठवणीच्या वेळी नवरीपेक्षा तिचा बापच कसा जास्त रडला, मांडवात वारा शिरून कापड कसं उडालं. अर्धा तास ती सांगत होती. पंगतीबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. पोरीनंही विचारलं नाही. आईचा पदर बोटांत धरून ती ऐकत राहिली.